डिजिटल पोर्टफोलिओ : गुणपत्रिकेपलीकडचे मूल्यमापन

सत्र संपत आले की आपल्याकडील विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. वाचनालयाच्या पायऱ्यांवर, कॅन्टीनच्या टेबलांवर आणि वसतिगृहाच्या खोल्यांत विद्यार्थी घोळक्याने बसून जर्नल पूर्ण करीत असतात. एकाचे पूर्ण झालेले जर्नल दहाजणांच्या हातांतून फिरते. निरीक्षणे, आकडे, आलेख आणि अखेरचा निष्कर्षही जसाच्या तसा उतरतो. प्राध्यापक लाल शाईने तारीख आणि सही करतात, टर्मवर्कचे गुण पडतात आणि परीक्षा संपली की त्या जर्नलांची रवानगी रद्दीत होते. प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षभरात केलेले काम हेच त्याच्या शिक्षणाचे खरे साक्षीदार असावे, या उत्तम हेतूने सुरू झालेल्या पद्धतीचे हे आजचे रूप आहे.

विद्यार्थ्याच्या कामालाच मूल्यमापनाचा आधार मानण्याचा विचार मात्र जगभरात टिकून राहिला आणि गेल्या चार दशकांत तो अधिक समृद्ध झाला. डिजिटल पोर्टफोलिओ किंवा ई-पोर्टफोलिओ हे त्याचे आजचे स्वरूप. त्याची मांडणी कशी असते, तो कोठे यशस्वी झाला, कोठे अडखळला आणि आपल्या महाविद्यालयांनी त्याकडे कसे पाहावे, याचा हा आढावा.

पोर्टफोलिओ म्हणजे नेमके काय?

पोर्टफोलिओ हा शब्द मूळचा इटालियन. कागद वाहून नेण्याची पिशवी, असा त्याचा साधा अर्थ. चित्रकार, वास्तुशिल्पी आणि छायाचित्रकार आपले निवडक काम अशा पिशवीत घालून ग्राहकाला किंवा गुरूला दाखवीत. आपल्याकडील कला आणि वास्तुकला महाविद्यालयांना ही परंपरा नवी नाही. तेथे विद्यार्थ्याची परीक्षा त्याच्या कामावरूनच होते आणि ते काम समोर ठेवून त्याला प्रश्न विचारले जातात.

उच्च शिक्षणातील डिजिटल पोर्टफोलिओ हा याच कल्पनेचा विस्तार आहे. निबंध, प्रयोगाच्या नोंदी, आराखडे, संगणक आज्ञावली, भाषणाचे ध्वनिचित्रमुद्रण, क्षेत्रभेटीची छायाचित्रे असे विविध प्रकारचे काम विद्यार्थी त्यात साठवतो. मात्र केवळ साठवण म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. संग्रह, निवड, चिंतन आणि जोडणी या त्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात. केलेल्या कामातून काही निवडायचे, ते का निवडले हे सांगायचे, त्यातून काय शिकलो आणि काय जमले नाही याचा विचार करायचा, आणि एका विषयात शिकलेले दुसऱ्या विषयाशी किंवा बाहेरच्या जगाशी जोडून पाहायचे. यातील तिसरी पायरी गळाली, तर उरते ती केवळ फायलींची थप्पी.

एक उदाहरण घेऊ. समजा, पर्यावरणशास्त्राची एक विद्यार्थिनी मुळा-मुठेच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजते आहे. पहिल्या खेपेला बाटली भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला आणि रसायने जागेवर घालण्याऐवजी नमुना तसाच प्रयोगशाळेत आणला गेला. बुडबुड्यातील ऑक्सिजन पाण्यात मिसळल्याने प्रदूषित पाण्याचे मोजमाप प्रत्यक्षापेक्षा चांगले आले. जर्नलमध्ये या चुकीला जागा नसते. तेथे ‘बरोबर’ आकडाच लिहावा लागतो. पोर्टफोलिओत मात्र पहिला चुकीचा आकडा, त्या बाटलीचे छायाचित्र, चूक कशी कळली याची नोंद आणि काळजी घेऊन पुन्हा केलेले मोजमाप हे सारे एकत्र राहते. परीक्षकाला केवळ उत्तर दिसत नाही, उत्तरापर्यंतचा रस्ताही दिसतो. विद्यार्थिनीलाही आपण कोठून कोठे आलो हे दिसते, आणि ते अधिक महत्त्वाचे.

अल्व्हर्नोचा धडा

या क्षेत्रातील सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरातील अल्व्हर्नो कॉलेज या छोट्या महिला महाविद्यालयात झाला. १९७३ साली या महाविद्यालयाने आपला संपूर्ण अभ्यासक्रम क्षमतांच्या पायावर नव्याने रचला. संवाद, विश्लेषण, समस्या सोडविणे, निर्णय घेताना मूल्यांचे भान, सामाजिक आंतरक्रिया, जागतिक दृष्टिकोन, जागरूक नागरिकत्व आणि कलास्वाद या आठ क्षमता प्रत्येक विद्यार्थिनीने पायरीपायरीने विकसित कराव्यात, असे ठरले. विषय कोणताही असो, या क्षमता त्यातूनच शिकायच्या. नेहमीच्या श्रेणींना येथे फाटा देण्यात आला. विद्यार्थिनीने काय साध्य केले आणि काय बाकी आहे, याचे शब्दांतील वर्णन तिला मिळू लागले.

अल्व्हर्नोने यासाठी जी संज्ञा रूढ केली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिकणे संपल्यावर घेतलेले मूल्यमापन नव्हे, तर ‘मूल्यमापन हेच शिक्षण’. नव्याने आलेल्या विद्यार्थिनीचे भाषण चित्रित केले जाई. पुढे काही काळाने नवे भाषण दिल्यावर ती जुन्या भाषणाशी त्याची तुलना करी आणि दिलेल्या निकषांच्या आधारे आधी स्वतःचे मूल्यमापन करी. शिक्षकांचा अभिप्राय त्यानंतर येई. डिजिटल तंत्रज्ञान येण्याच्या कितीतरी आधी ही पद्धत तेथे रुळली होती. त्यामुळे १९९९-२०००च्या सुमारास महाविद्यालयाने आपला ‘निदानात्मक डिजिटल पोर्टफोलिओ’ सुरू केला, तेव्हा त्याने नवे तत्त्वज्ञान आणले नाही. अस्तित्वात असलेल्या पद्धतीला एक सोयीची जागा दिली. महत्त्वाची कामे, त्यांचे निकष, विद्यार्थिनीचे स्वतःविषयीचे मत आणि शिक्षकांचा अभिप्राय एकाच ठिकाणी आले. कोणत्या सूचना वारंवार मिळत आहेत, हे विद्यार्थिनीला स्वतःलाच ताडून पाहता येऊ लागले.

आधी अध्यापनाची पद्धत, मग तंत्रज्ञान, हा क्रम अल्व्हर्नोच्या यशाचे खरे कारण आहे. आपल्याकडे नेमका उलटा क्रम धरण्याचा मोह होतो. आधी प्रणाली विकत घ्यायची, मग तिचे काय करायचे याचा विचार करायचा!

लेखनाच्या परीक्षेतून आलेली क्रांती

पोर्टफोलिओला मूल्यमापनाचे साधन म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती मात्र लेखनाच्या वर्गांतून. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रूक येथील केंद्रात विद्यार्थ्यांना लेखनकौशल्याची एक ठरावीक वेळेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे. अनोळखी विषयावर घाईने लिहिलेल्या एका निबंधावरून कोणाच्या लेखनाची पारख कशी करायची, असा प्रश्न पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ या प्राध्यापकांनी उपस्थित केला. १९८०च्या दशकात त्यांनी या परीक्षेच्या जागी पोर्टफोलिओ आणला. सत्रात लिहिलेल्या आणि पुन्हापुन्हा सुधारलेल्या लेखांबरोबर वर्गात बसून लिहिलेला एक लेखही विद्यार्थी सादर करी, जेणेकरून लेखन त्याचेच आहे याची खातरजमा व्हावी.

या प्रयोगात एक साधी पण शहाणपणाची तरतूद होती. विद्यार्थ्याचा संच त्याच्या स्वतःच्या शिक्षकाऐवजी दुसरा शिक्षक वाचून उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरवी. त्यामुळे वर्गातील शिक्षक परीक्षकाच्या भूमिकेतून मोकळा झाला आणि विद्यार्थ्याचा साहाय्यक बनला. शिवाय एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे काम वाचताना ‘चांगले लेखन’ म्हणजे काय, यावर शिक्षकांना आपसांत बोलावे लागले. निकष आपोआप सामायिक झाले.

प्रसार आणि मान्यता

१९९०च्या दशकात संगणक आणि इंटरनेट सुलभ झाले, तशी ही पिशवी डिजिटल झाली. ब्रिटनमध्ये रॉन डिअरिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९७ साली उच्च शिक्षणाविषयी दिलेल्या अहवालात, प्रत्येक विद्यार्थ्याला केवळ गुणांचा तक्ता न देता स्वतःच्या विकासाची नोंद ठेवण्याचे आणि त्यावर विचार करण्याचे साधन द्यावे, अशी शिफारस केली. याच वातावरणात वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठाच्या सहभागातून ‘पेबलपॅड’ ही प्रणाली उभी राहिली. न्यूझीलंडमध्ये २००६ साली मॅसी विद्यापीठासह काही उच्च शिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन ‘महारा’ ही मुक्त स्रोत प्रणाली सरकारी निधीतून विकसित करण्यास सुरुवात केली. ‘महारा’ हा माओरी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘विचार करणे’ असा आहे. साठविण्यापेक्षा विचाराला महत्त्व देणारे हे नाव समर्पकच म्हणावे लागेल.

न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे. येथील विद्यार्थी अनेक देशांतून आलेल्या स्थलांतरितांच्या घरांतील, बरेचसे नोकरी करून शिकणारे आणि त्यांतले अनेक कुटुंबात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या महाविद्यालयाने ई-पोर्टफोलिओचा उपक्रम हाती घेतला. विद्यार्थी आपल्या अभ्यासाबरोबर आपल्या कुटुंबाची, भाषेची आणि स्थलांतराची कहाणीही त्यात मांडू लागले. आपण कोण आहोत आणि हे शिक्षण आपल्याला कोठे नेणार आहे, हा प्रश्न विषयांच्या तुकड्यांत हरवून जातो. पोर्टफोलिओने त्याला जागा दिली. पुढे या महाविद्यालयाच्या पुढाकाराने अनेक महाविद्यालयांचे जाळे उभे राहिले आणि २०१६ साली एएसी अँड यू या अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठांच्या संघटनेने ई-पोर्टफोलिओचा समावेश विद्यार्थ्यांवर सखोल परिणाम करणाऱ्या शैक्षणिक पद्धतींच्या यादीत केला. या यादीतील ही अकरावी पद्धत होय.

कार्यशाळा की दालन?

पोर्टफोलिओचा पुरस्कार करणाऱ्यांनीच त्यातील एक मूलभूत विसंगती दाखवून दिली आहे. अमेरिकेतील अभ्यासक हेलन बॅरेट यांनी ई-पोर्टफोलिओचे दोन चेहरे सांगितले. एक कार्यशाळेचा, दुसरा प्रदर्शनाच्या दालनाचा. कार्यशाळेत भुसा पडलेला असतो, अर्धवट वस्तू असतात, बिघडलेले नमुने असतात. दालनात मात्र घासूनपुसून ठेवलेल्या निवडक वस्तू मांडायच्या असतात. शिकण्यासाठी कार्यशाळा लागते; नोकरीच्या मुलाखतीसाठी आणि अंतिम मूल्यमापनासाठी दालन लागते.

अडचण होते ती दोन्ही एकच मानल्यावर. आपली प्रत्येक नोंद परीक्षक वाचणार आणि तिला गुण देणार, हे कळले की विद्यार्थी कच्चे काम दाखविणे थांबवितो. ‘मला हे समजले नाही’ या प्रामाणिक वाक्याच्या जागी ‘या प्रकल्पातून मला बरेच काही शिकायला मिळाले’ असे गुळगुळीत वाक्य येते. म्हणजे ज्या चिंतनासाठी सारा खटाटोप केला, तेच प्रथम लोप पावते. म्हणून अनुभवी संस्था खासगी भाग आणि सादरीकरणाचा भाग स्पष्टपणे वेगळा ठेवतात. कोणती नोंद कोण पाहील, हे ठरविण्याचा अधिकार शक्य तेथे विद्यार्थ्याकडे राहतो.

डॉक्टरांच्या नोंदी आणि भीती

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ब्रिटनमध्ये प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना ई-पोर्टफोलिओ ठेवावा लागतो. केलेल्या प्रक्रिया, वरिष्ठांचे अभिप्राय आणि आपल्या चुकांवरील चिंतन त्यात नोंदविणे प्रशिक्षणाचा भाग आहे. २०११ साली लेस्टरमधील एका रुग्णालयात सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरला २०१५ साली गंभीर निष्काळजीपणामुळे घडलेल्या मनुष्यवधासाठी दोषी ठरविण्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तिचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

या काळात, चुकांची कबुली देणाऱ्या पोर्टफोलिओतील नोंदीच डॉक्टरविरुद्ध वापरल्या गेल्या, असा समज देशभरातील डॉक्टरांमध्ये पसरला. तिचा पोर्टफोलिओ न्यायालयापुढे पुरावा म्हणून मांडला गेला नव्हता, असा खुलासा तिच्या बचावाशी संबंधित संस्थेने केला. तरीही भीती ओसरली नाही. प्रामाणिकपणे लिहिण्यात धोका आहे, असे अनेकांना वाटू लागले. अखेर जून २०१८ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने, डॉक्टरांच्या चिंतनपर नोंदी मागण्याचा अधिकार जनरल मेडिकल कौन्सिल या नियामक संस्थेला नसावा, अशी शिफारस केली. सप्टेंबर २०१८ मध्ये या संस्थेने इतर वैद्यकीय संस्थांसह मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. घटनेच्या तपशिलापेक्षा त्यातून काय शिकलो यावर भर द्यावा, रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहू नये, असे तिने सुचविले. न्यायालये मात्र गरज पडल्यास अशा नोंदी मागवू शकतात, हेही तिने स्पष्ट केले.

या प्रकरणाचा धडा सर्वच विद्याशाखांना लागू पडतो. एका मुलाच्या मृत्यूची जबाबदारी निश्चित व्हायलाच हवी. पण चूक लिहून ठेवणाऱ्याला शिक्षेची भीती वाटू लागली, तर पुढची चूक कोणी लिहिणार नाही आणि मग तिच्यापासून कोणी शिकणारही नाही. नोंद कोणासाठी आहे, कोण ती वाचू शकतो आणि तिचा वापर कशासाठी होणार नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

गुण द्यायचे कसे?

दोन विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ कधीच सारखे नसतात. मग त्यांची तुलना कशी करायची? याचे प्रचलित उत्तर म्हणजे रुब्रिक, अर्थात निकषांचा तक्ता. त्यात एका बाजूला निकष आणि दुसऱ्या बाजूला पातळ्या असतात. प्रत्येक चौकटीत त्या पातळीचे काम कसे दिसेल याचे वर्णन असते. एएसी अँड यू या संघटनेने २००९ साली विविध महाविद्यालयांतील शिक्षकांच्या मदतीने लेखी संवाद, चिकित्सक विचार, संघकार्य अशा विषयांवर १५ रुब्रिक तयार केली. जगभरातील संस्थांनी ती गरजेनुसार बदलून वापरली.

रुब्रिक विद्यार्थ्याच्या हाती सत्राच्या आरंभीच पडले, तरच त्याचा उपयोग होतो. शिवाय शिक्षकांनी दोन-तीन नमुने एकत्र बसून तपासावेत, गुणांमध्ये फरक का पडला यावर चर्चा करावी आणि मगच प्रत्यक्ष तपासणीला हात घालावा. अन्यथा एका तुकडीत उदार परीक्षक आणि दुसरीत कडक, हा जुनाच अन्याय नव्या वेष्टनात येतो.

याहून कठीण प्रश्न वेळेचा आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक पोर्टफोलिओला पंधरा मिनिटे दिली, तरी एका फेरीला पंधरा तास लागतात. शिक्षकाकडे अशा तीन तुकड्या असल्या तर पंचेचाळीस तास. आणि सत्रात दोनदा अभिप्राय द्यायचा म्हटले तर नव्वद. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाने हे तास कोठून आणायचे? या गणिताकडे डोळेझाक करून काढलेल्या परिपत्रकाचे भवितव्य लाल शाईच्या सहीइतकेच असते. त्यावर काही व्यवहार्य उपाय आहेत. पोर्टफोलिओतील कामांची संख्या चार-पाचपुरती मर्यादित ठेवणे, मधली फेरी विद्यार्थ्यांनी एकमेकांची तपासणे, आणि प्रत्येक विषयाचा स्वतंत्र पोर्टफोलिओ न मागता सत्राचा एकच ठेवणे. थोडे काम, पण नीट वाचलेले, हे सूत्र येथे उपयोगी पडते.

यंत्राने लिहिलेले चिंतन

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि या साऱ्या चर्चेला नवे वळण मिळाले. ‘या प्रकल्पातून मी काय शिकलो’ यावर तीनशे शब्द आता यंत्र काही क्षणांत लिहून देते. तेही व्याकरणशुद्ध आणि भावनेने ओथंबलेले. केवळ अंतिम निबंधावर गुण देणारी पद्धत यापुढे निर्धास्त राहू शकत नाही, आणि चिंतनपर लेखनही त्याला अपवाद नाही.

तरीही पोर्टफोलिओची बाजू येथे पूर्णपणे दुबळी नाही. कच्चे मसुदे, त्यांच्या तारखा, सुधारणांचा इतिहास, प्रयोगशाळेतील छायाचित्रे आणि शिक्षकांचे आधीचे अभिप्राय असा सलग माग यंत्राला उभा करणे कठीण असते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गिटहबसारख्या मंचावर आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याची सवय असते. तीच शिस्त इतर विषयांत आणता येईल. त्याला चार-पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेची जोड द्यावी. ‘ही बाटली पुन्हा का भरलीस?’ या प्रश्नाचे उत्तर मुळा-मुठेच्या काठावर उभी राहिलेली विद्यार्थिनी सहज देईल. जिने नोंद दुसऱ्याकडून लिहून घेतली, तिला ते जड जाईल. आपल्या जुन्या व्हायवाचे महत्त्व नव्या तंत्रज्ञानाने वाढवले, असेच म्हणावे लागेल.

आपल्याकडील चित्र

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाला ही कल्पना अपरिचित नाही; तिचे तुकडे ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. अध्यापक महाविद्यालयांत पाठ टाचण काढणे, निरीक्षकांचे शेरे घेणे आणि पुढच्या पाठात सुधारणा करणे ही जुनी रीत आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा करून शालेय आंतरवासिता वाढविली, तेव्हा या नोंदींना अधिक वाव मिळाला. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात लॉगबुक आले. अभियांत्रिकीत भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि विद्यार्थ्याने पदवीअखेर नेमके काय साध्य केले याचा पुरावा मानांकनासाठी आवश्यक ठरला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घोकंपट्टीऐवजी सातत्यपूर्ण आणि विकासात्मक मूल्यमापनावर भर दिला आहे.

येथे एक गल्लत टाळायला हवी. २०२१ साली सुरू झालेली श्रेयांकांची बँक, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, किंवा डिजिलॉकर म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. तेथे श्रेयांक आणि प्रमाणपत्रे साठतात. विद्यार्थ्याचे काम आणि त्याचा विचार साठत नाही. तसेच कागद पडद्यावर आणला की मूल्यमापन सुधारते, असेही नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना राबविली. निकाल रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले. तयारीविना आणलेल्या तंत्रज्ञानाची किंमत विद्यार्थी मोजतो, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

विषमतेचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. महानगरातील विद्यार्थ्याकडे लॅपटॉप आणि अखंड जोडणी असते. त्याच वर्गातील दुसऱ्याकडे केवळ मोबाईल. पोर्टफोलिओची रचना मोबाईलवर पूर्ण करता येईल अशी असावी आणि देखण्या मांडणीला गुण नसावेत. नाहीतर गुण शिक्षणाला न मिळता उपकरणाला मिळतील. भाषेचेही तसेच. चिंतन मराठीत करण्याची मुभा हवी. परक्या भाषेत विद्यार्थी पाठ केलेली वाक्ये लिहितो. स्वतःचा गोंधळ मांडायला त्याला स्वतःची भाषा लागते.

मालकी आणि जपणूक

पदवी मिळाल्यावर पोर्टफोलिओचे काय होते? अनेक संस्थांत विद्यार्थ्याचे खाते काही काळाने बंद होते आणि तीन-चार वर्षांचे काम त्याबरोबर जाते. म्हणून संपूर्ण संच उतरवून घेण्याची सोय आहे का, हे प्रणाली निवडतानाच पाहावे. स्वरूपाचाही विचार हवा. एकेकाळी फ्लॅशमध्ये बनविलेले आकर्षक पोर्टफोलिओ, अ‍ॅडोबीने २०२० अखेर फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर उघडेनासे झाले. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी फायली दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रांगा दाखवितात, हा अनुभव तर अनेक वाचकांना असेल. साधा मजकूर युनिकोडमध्ये, दस्तावेज पीडीएफमध्ये आणि छायाचित्रे प्रचलित स्वरूपात ठेवणे हाच सुरक्षित मार्ग.

गोपनीयतेबाबतही दक्षता हवी. क्षेत्रभेटीत भेटलेली माणसे, पाठ घेतलेल्या वर्गातील मुले, तपासलेले रुग्ण यांची छायाचित्रे आणि नावे परवानगीविना पोर्टफोलिओत येता कामा नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला आहे. त्याचे भान विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात देणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

सुरुवात कशी करावी?

ज्या विभागाला हा प्रयोग करायचा आहे, त्याने संपूर्ण महाविद्यालयाची वाट पाहू नये. एक विषय, एक तुकडी आणि एक सत्र पुरेसे आहे. सत्रारंभी रुब्रिक आणि दोन चांगले नमुने विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत. चार कामे मागावीत. त्यांपैकी एक फसलेले आणि सुधारलेले असावे, अशी अट घालावी. मध्यावर एकदा बिनगुणांचा अभिप्राय द्यावा. अखेरीस अंतिम संच दुसऱ्या शिक्षकाने तपासावा आणि थोडक्यात तोंडी परीक्षा घ्यावी. यासाठी महागडी प्रणाली लागत नाही; सामायिक फोल्डर आणि स्पष्ट नियम यांवर भागते.

आपल्या जर्नलांची गोष्ट येथे पुन्हा आठवावी लागते. ती पद्धत वाईट नव्हती. ती वाचणारे कोणी उरले नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी ती लिहिणे सोडले आणि उतरवून काढणे सुरू केले. पडद्यावरच्या पोर्टफोलिओची गतही वेगळी होणार नाही, जर पलीकडे तो वाचणारा, त्यावर प्रश्न विचारणारा आणि चुकीला घाबरवून न सोडणारा शिक्षक नसेल. असा शिक्षक आणि त्याला पुरेसा वेळ, या दोन गोष्टींची तरतूद केली तर साधी वहीदेखील उत्तम पोर्टफोलिओ ठरू शकते. तंत्रज्ञानाचा क्रम त्यानंतरचा.